रस्ता उचलावा की रूळ?

आमच्या फाटकाची घंटा मला अजून कधीतरी पहाटे ऐकू येते. मुंबईच्या उपनगरी मार्गावरचं ते एक फाटक. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांचं अर्धं आयुष्य अशा एखाद्या आडव्या दांड्यासमोर उभं राहण्यात गेलंय, त्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचावं, फारसा फरक पडणार नाही. पूर्वेला आमची चाळ, पश्चिमेला शाळा, भाजीबाजार, पिठाची गिरणी, दवाखाना. मधे चार लाइनी. मुलीला पाच मिनिटं पुरतील असं अंतर, पण आई मला अर्धा तास आधी घराबाहेर काढायची. ‘फाटकाचा काही भरवसा नाही,’ हे वाक्य आमच्या घरात ‘देवाची इच्छा’सारखं वापरलं जाई.

फाटकाशेजारी गेटमनकाकांची खोली होती. टेबलावर काळा फोन, एक जाडजूड वही, खिळ्याला हिरवा आणि लाल झेंडा, कोपऱ्यात हातदिवा, आणि एका डब्यात रुळावर ठेवायचे फटाके. धोका असला तर गाडीच्या ड्रायव्हरला आवाजाने कळावा म्हणून. आम्हा मुलांचं सगळं लक्ष त्या डब्याकडे. फोन वाजला की काका हातातला चहा खाली ठेवत. पलीकडून स्टेशन मास्तर गाडी सोडत असल्याचं सांगून एक आकडा देई, काका आपल्या कागदावरचा एक आकडा त्याला देत, दोन्ही आकडे वहीत उतरत. याला ते ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणत. उद्या काही झालं तर कोण कोणाला काय बोललं याचा पुरावा. मग ते बाहेर येऊन हँडल फिरवत. दांडा खाली येई, फाटकाला कुलूप लागे, आणि ती किल्ली पेटीत फिरल्यावरच सिग्नल हिरवा होई.

सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. फाटक उघडं असेल तर सिग्नल लालच राहतो. म्हणजे फाटक उघडलं की लोकल उभी, आणि लोकल धावली की फाटक बंद. सकाळी आठ ते दहात चारही लाइनींवर दर तीनचार मिनिटांना गाडी. त्यात माणसाला पलीकडे जायला फट कुठे सापडणार? कधी गर्दी इतकी व्हायची की दांडा खाली येऊ लागला तरी रिक्षा, टेम्पो, सायकली आत घुसत. फाटक लागेना म्हणून सिग्नल मिळेना, आणि बाहेर लोकल खोळंबलेली. एका रिक्षामुळे मागच्या दहा गाड्यांचं वेळापत्रक कोलमडे. प्रवासी फाटकाला शिव्या घालत, फाटकावरचे लोक गाडीला. दोघंही बरोबरच होते.

नंतर पूल झाला. अशा पुलाचा हिशेब रेल्वेत ठरलेला असतो. दिवसभरात किती गाड्या गेल्या आणि फाटकातून किती वाहनं गेली, यांचा गुणाकार करायचा. तो एक लाखाच्या वर गेला की पूल मंजुरीच्या रांगेत बसतो आणि खर्च रेल्वे आणि राज्य यांच्यात निम्मा निम्मा. गुणाकारात गाड्या आहेत, वाहनं आहेत. डोक्यावर दळणाचा डबा घेतलेली बाई मोजायची सोय त्यात नाही. पुलावरून मोटारी जाऊ लागल्या, फाटक कायमचं बंद झालं, तिथे भिंत आली. पेपरात फोटो आला. आई त्या दिवशी गिरणीत जाऊन आली आणि पदराने मान पुसत म्हणाली, ‘पूल झाला म्हणे. आपल्याला कुठाय?’

तिचा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. हिशेब पुढे बऱ्याच वर्षांनी मांडला, तोही फार दूर, मेलबर्नमध्ये.

मावसबहीण तिथे राहते, मरंबीना नावाच्या उपनगरात. गेल्या वर्षी तिच्याकडे महिनाभर होते. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, ‘चल, स्टेशनच्या खालून दुकानात जाऊन येऊ.’ मला वाटलं, जमिनीखालचा सबवे असणार. नाक धरायची तयारी ठेवली. तसलं काही नव्हतं. गाडीच डोक्यावरून गेली. दोन लाइनी, प्रत्येकीचा वेगळा काँक्रीटचा पूल, दोन पुलांच्या मधे मोकळी फट आणि त्या फटीतून ऊन थेट खाली जमिनीवर. खाली गवत, सायकलींची वाट, मुलांची खेळणी, बाकावर एक म्हातारा कुत्र्याला घेऊन बसलेला. रस्ता होता तिथेच, होता तसाच, सपाट. आम्ही चालत चालत ‘पलीकडे’ गेलो, आणि पलीकडे आलो हे मला दुकान आल्यावर कळलं.

ताईला म्हटलं, इथे काय होतं आधी? तिनं चपलेनं डांबरावर एक आडवी रेघ दाखवल्यासारखं केलं. ‘फाटक.’

मेलबर्न आणि मुंबई रेल्वेच्या बाबतीत जवळजवळ पाठची भावंडं आहेत. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 16 एप्रिल 1853ला. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीटवरून बंदराकडे ऑस्ट्रेलियातली पहिली वाफेची गाडी सुटली 12 सप्टेंबर 1854ला. दोन्हीकडे रूळ रुंद: आपले साडेपाच फुटांचे, त्यांचे सव्वापाच. मेलबर्नची उपनगरी गाडी विजेवर आली 1919मध्ये, मुंबईची 1925मध्ये, आणि दोन्हीकडे वीज सारखीच, पंधराशे व्होल्टची डीसी. आपण ती पुढे बदलली, त्यांच्याकडे अजून तीच आहे. मूळ साहेब एकच, त्यामुळे फाटकंही दोघांना वारशातच मिळाली.

मेलबर्नला जरा जास्तच. 1884मध्ये, मेलबर्न ज्या व्हिक्टोरियात आहे तिथल्या विधिमंडळाने, एकाच कायद्याने इतक्या लाइनी मंजूर केल्या की लोकांनी त्याला ‘ऑक्टोपस कायदा’ हे नाव ठेवलं. आपल्या मतदारसंघात रूळ आला पाहिजे ही प्रत्येक आमदाराची हौस. सगळीकडे नेटानं लाइन टाकायची तर पूल बांधायला पैसा कुठला? रूळ रस्त्यावरून सपाट नेले. त्या काळी दिवसाला मोजक्या गाड्या आणि रस्त्यावर घोडागाड्या, कोणाचं काही अडत नव्हतं. शंभर वर्षांनी त्याच रुळांवर गर्दीच्या वेळी मिनिटामिनिटाच्या हिशेबाने गाड्या, आणि शहरभर दीडशेच्या वर फाटकं.

त्यांचं फाटक स्वयंचलित असतं. गेटमन नाही, वही नाही. गाडी ठरावीक अंतरावर आली की रुळातून खूण मिळते, लाल दिवे लुकलुकतात, घंटा सुरू होते, दांडा पडतो. यात एक गोम आहे, आणि या लेखातली सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. बहुतेक जुनी स्टेशनं फाटकाला चिकटून होती. साहजिकच आहे, प्रवासी रस्त्यानेच चालत येणार. पण गाडी फाटकाच्या अलीकडच्या प्लॅटफॉर्मवर थांबली की ती सुटून जाईपर्यंत पुढचं फाटक लागलेलंच. तेवढ्यात उलट बाजूची गाडी येते. ती जाते तोवर मागून तिसरी. सकाळच्या दोन तासांत फाटक उघडं कमी आणि बंद जास्त. मरंबीनाच्या पुढे क्लेटन लागतं. तिथे आपल्याकडची माणसं खूप, दुकानात कढीपत्ता सहज मिळतो, आणि तिथेच मोठं सरकारी हॉस्पिटल. फाटकाशी रुग्णवाहिका अडकतात हे गाऱ्हाणं क्लेटनचे लोक वर्षानुवर्षं घालत होते.

फाटक काढायचं म्हणजे स्टेशनालाही हात लावावा लागणार, हे यावरून कळतं. स्टेशनातले रूळ जवळजवळ सपाट हवेत. आपल्याकडे नियम आहे की स्टेशनात उतार चारशेला एकपेक्षा जास्त नको, शक्यतो बाराशेला एकच बरा, नाहीतर उभा डबा आपला आपण चालू लागेल. तेव्हा स्टेशनाच्या टोकाला असलेल्या रस्त्यावरून रूळ वर न्यायचे तर प्लॅटफॉर्म खाली ठेवून चालत नाही. अख्खं स्टेशन उचलावं लागतं. खाली न्यायचे तरी तेच. फाटक हलवलं की स्टेशन हलतं. म्हणून खर्च प्रचंड, आणि म्हणूनच जगात बहुतेक ठिकाणी रूळ तसेच ठेवून रस्ता उचलतात. रस्ता लवचिक, त्याला चढ झेपतो.

आता आईचा हिशेब. विजेच्या तारांखालून गाडी जायची तर आपल्याकडे रुळापासून पुलाच्या पोटापर्यंत साडेसहा मीटर मोकळी जागा लागते. त्यावर तुळईची जाडी धरली की रस्ता आठेक मीटर वर जातो. चढ साधारण तीसाला एक. आठ त्रिक चोवीस, म्हणजे दोनशे चाळीस मीटर चढ एका बाजूला, तेवढाच उतार दुसऱ्या बाजूला. तीसेक मीटरच्या चार लाइनी ओलांडायला अर्धा किलोमीटर. मोटारीला त्याचं काहीच वाटत नाही, ॲक्सिलरेटरवर पाय किंचित जड. आईच्या गुडघ्यांना वाटतं. दुसरा मार्ग पादचारी पुलाचा, पन्नासेक पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या, दळणासकट.

मरंबीनाला मी दोन दिवस हेच बघत बसले होते. तिथेही प्लॅटफॉर्म उंचावर आहे, तिथेही जिना आहे, लिफ्ट आहे. पण ज्याला गाडी पकडायची तोच चढतो. ज्याला नुसतं पलीकडे जायचंय तो जमिनीवरून चालत जातो. आपल्याकडे गाडी जमिनीवर आणि तिच्यासाठी सगळं गाव जिन्यावर.

हे तिथेही गुण्यागोविंदाने झालं असं कोणी समजू नये. 2014च्या व्हिक्टोरिया राज्याच्या निवडणुकीत डॅनियल अँड्रूज यांच्या लेबर पक्षाने आठ वर्षांत पन्नास फाटकं काढण्याचं वचन दिलं. सत्ता आली, 2015मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. मतदारांना ही गोष्ट आवडते हे लक्षात आल्यावर पन्नासाचे पंचाहत्तर झाले, मग पंच्याऐंशी, आणि आता 2030पर्यंत एकशे दहा. (फाटकांच्या नावाने मतं मिळतात हे आपल्या पुढाऱ्यांनाही ठाऊक आहे, फक्त आपल्याकडे मतं भूमिपूजनालाच मिळून जातात.) फेब्रुवारी 2016मध्ये कॉलफील्ड ते डँडेनाँग या गजबजलेल्या मार्गाचा आराखडा जाहीर झाला: नऊ फाटकं काढायची, पाच स्टेशनं नव्याने बांधायची, आणि रूळ जमिनीखाली नव्हे तर डोक्यावरून न्यायचे. लोकांनी खंदक गृहीत धरला होता. एकदम ‘स्काय रेल’ ऐकल्यावर मरंबीना आणि शेजारच्या कार्नेगीत आग्यामोहोळ उठलं.

‘भाऊजी मोर्चात होते,’ ताईनं हसत सांगितलं. भाऊजींनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. मग म्हणाले, ‘आमच्या परसात डोकावणारी गाडी कोणाला हवी असते? घराची किंमत पडेल, आवाज येईल, खाली गर्दुल्ले बसतील.’

मी म्हटलं, ‘आणि?’

‘आवाज येतो,’ ते म्हणाले. ‘पण घंटेचा आवाज गेला. ती घंटा रात्रंदिवस होती, हे ती बंद पडल्यावर समजलं.’

विरोध करणारे मूर्ख नव्हते. रुळाला खेटून ज्यांची घरं होती त्यांच्या अंगणात खरोखरच सावली आली. ज्यांना घर विकायचं असेल त्यांच्याकडून ते विकत घेण्याची योजना सरकारने काढली, काही जण कोर्टात गेले. पण आराखडा करणाऱ्यांकडे एक हुकमी पान होतं. खंदक खणायचा तर लाइन महिनोन्‌महिने बंद. पूल मात्र चालू लाइनीच्या डोक्यावर बांधता येतो. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तुकडे आणायचे, रुळांच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभ्या केलेल्या अगडबंब क्रेनने एकेक उचलून माळेत मण्यांसारखे ओवायचे, आणि खालून गाड्या धावतच राहायच्या. 2018मध्ये पाचही स्टेशनं उघडली. सुमारे 160 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. जमिनीवरचे रूळ निघाल्यावर साडेबावीस हेक्टर जागा मोकळी झाली. त्यातून सतरा किलोमीटरची चालायची आणि सायकलची वाट निघाली. तिचं नाव ‘जेरिंग’, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत एकत्र येणं, जोडणं अशा अर्थाचा शब्द. शहराला आपल्या पोटात एवढी जागा सापडावी हे मला मुंबईकर म्हणून अश्लील श्रीमंतीसारखं वाटलं.

सगळीकडे पूल नाही बांधले. शहराच्या पूर्वेला सरे हिल्स आणि माँट अल्बर्ट अशी दोन जुनी स्टेशनं होती, एक 1883चं, एक 1890चं, एकमेकांना हाक ऐकू जाईल इतकी जवळ. दोघांजवळ एकेक फाटक. 2016च्या ऑक्टोबरात त्यांतल्या युनियन रोडच्या फाटकात एक मोटार अडकली आणि तिच्यातल्या दोन स्त्रिया गेल्या. इथे रूळ खाली न्यायचं ठरलं. पण खंदकात उतरणाऱ्या लाइनीला उतार हवा, मग सपाटी हवी, मग परत चढ. आणि साधारण 160 मीटरची गाडी उभी राहील एवढा प्लॅटफॉर्म. इतक्या जवळ दोन स्टेशनं त्यात बसवण्याऐवजी आराखड्यात दोन्ही पुसून मधे एकच काढलं. नाव ‘युनियन’. रस्त्याचंही तेच, आणि दोघांच्या जुळणीचंही.

आपलं स्टेशन गेलं याचं दुःख तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना झालं, सभा झाल्या, पत्रकं निघाली. मला त्यांचं नवल वाटलं नाही. करी रोड आणि चिंचपोकळी पुसून एकच स्टेशन करूया असं गणपतीच्या दिवसांत लालबागेत जाऊन कोणी बोलून बघावं. माँट अल्बर्टची लाकडी इमारत मात्र त्यांनी पाडली नाही. ती अख्खी उचलून बाजूला ठेवली आणि काम संपल्यावर खंदकावर टाकलेल्या छतावरच्या चौकात आणून बसवली. शेवटच्या टप्प्यात तीन महिने गाड्या बंद, बदली बसगाड्या. 22 मे 2023ला युनियन स्टेशन सुरू झालं.

समुद्रकाठच्या फ्रँकस्टन मार्गावर आणखी निराळा पेच. एडिथवेल, चेल्सी, बाँबीच ही गावं एका वाळूच्या पट्ट्यावर वसलेली. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे पाणथळ. त्या पाणथळीला रामसर यादीतलं स्थान आहे, दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात. खंदक खणायचा म्हणजे दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत जमिनीत उतरवायची. ती भिंत भूजलाचा प्रवाह अडवणार, एका बाजूला पाणी तुंबणार, दुसरीकडे आटणार. पर्यावरणाचा सविस्तर अभ्यास झाल्यावरच परवानगी मिळाली, पाण्याला वाट देण्याची तजवीज झाली, आणि 2021मध्ये खंदकातली स्टेशनं उघडली. जिथे पाणी फारच आडवं आलं असतं तिथे, जवळच्याच कॅरममध्ये, त्यांनी रूळ उचलले. एकच उत्तर सगळ्या फाटकांना लावायचं नाही, एवढं तारतम्य होतं.

एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्लेन हंटली नावाच्या स्टेशनाशी रस्त्यावरची ट्राम आणि रेल्वे एकमेकींना सपाटीवर छेदत. ट्रामच्या तारेत सहाशे व्होल्ट, रेल्वेच्या पंधराशे. म्हणजे त्या चौकातल्या तारेची वीज दर वेळी बदलायची, कोणाची पाळी आहे ते बघून! गाड्या तिथे रांगत रांगत जात. 2023च्या जुलैत रूळ खंदकात उतरले आणि तो चमत्कार संपला. आपल्याकडची शेवटची ट्राम 31 मार्च 1964ला गेली, नाहीतर आपणही असलं काही करून दाखवलं असतं यात शंका नाही.

परतीच्या विमानात मी मनातल्या मनात मुंबईचे रूळ उचलून बघत होते. उचलले जात नव्हते.

खंदकाचं सोडाच. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता हे पाठ नसलेला मुंबईकर विरळा. मिलन सबवे दर पावसाळ्यात बातमीत असतो. तो तर फक्त रस्ता आहे, त्याच्या जागी लोकल खाली आहे अशी कल्पना करून पाहा. उंचावर न्यायचे तर चालू गाड्यांच्या डोक्यावर क्रेन उभी करायला बाजूला जागा हवी. आपल्याकडे रुळाच्या कडेला भिंत आणि भिंतीला पाठ लावून माणसाचं घर. आणि वेळ? ठाण्याचा पाच-सहा क्रमांकाचा प्लॅटफॉर्म दोनतीन मीटर रुंद करायला 2024च्या मे-जूनमध्ये 63 तासांचा ब्लॉक घेतला, सीएसएमटीला त्याच वेळी 36 तासांचा, तर नऊशेवर लोकल रद्द झाल्या आणि तीन दिवस हाहाकार. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या लाइनीची शेवटची जोडणी 2022च्या फेब्रुवारीत 72 तासांत उरकली. तीन महिने बदली बस? बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी साडेचार-पाच हजार माणसं नेते. तेवढ्या बसगाड्या उभ्या करायलाच एक मैदान लागेल.

ही झाली खरी कारणं. पण ती सांगता सांगता एक न सांगितलेलं कारण झाकलं जातं. मेलबर्नला रूळ राज्याचे, मोठे रस्ते राज्याचे, आणि फाटकं काढणारं प्राधिकरणही राज्याचं. रस्ता उचलावा की रूळ हा प्रश्न एकाच टेबलावर येतो. आपल्याकडे रुळांवरचा पूल रेल्वे बांधणार आणि दोन्हीकडचे उतार पालिका किंवा राज्य. म्हणून रुळांवर मधला तुकडा दिमाखात उभा आणि दोन्ही बाजूंना हवा, हे चित्र महाराष्ट्रात कुठेही बघायला मिळतं. ज्यांना आपापला अर्धाच पूल दिसतो त्यांच्या टेबलावर स्टेशन येतच नाही. स्टेशनाबाहेर पडलेला माणूस तर कोणाच्याच नकाशात नाही. 29 सप्टेंबर 2017ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर 23 जण चेंगरून मेले ते रेल्वेत चढताना नव्हे, उतरतानाही नव्हे. स्टेशनातून नुसतं बाहेर पडण्याच्या वाटेवर.

आणि आपल्याकडे हे जमलेलंच नाही असंही नाही. नवी मुंबई बघा. मानखुर्द ते वाशी लाइन 1992मध्ये सुरू झाली, पुढे बेलापूर, पनवेल. सिडकोने दोन तृतीयांश खर्च उचलला, रेल्वेने एक तृतीयांश, आणि म्हणून शहर आखणाऱ्यालाच स्टेशनही आखता आलं. वाशी, सानपाडा, नेरूळ इथे रस्ता रुळाखालून किंवा रुळावरून जातो, स्टेशन दोन्ही बाजूंना उघडतं, प्रवासी खालच्या भुयारी वाटेने प्लॅटफॉर्मवर येतो. फाटकाचा प्रश्न जन्मालाच आला नाही. अर्थात तिथे आधी रूळ आले, मग माणसं. दिव्यात, कळव्यात, ठाकुर्लीत माणसं आधी आली होती. पश्चिम रेल्वेवरचं राम मंदिर 2016च्या डिसेंबरात उघडलं, ठाणे-ऐरोलीमधलं दिघा गाव 2024च्या जानेवारीत. अंबरनाथ-बदलापूरच्या मधे चिखलोली होऊ घातलंय. नवं स्टेशन आखताना प्लॅटफॉर्मची लांबी, रुंदी, छप्पर, तिकीट खिडक्या यांचे आकडे कागदावर असतात. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला नुसतं जायचं असेल तर त्याने कुठून जायचं, हा आकडा मला अजून कुठल्या नकाशात दिसायचाय.

देशातली ब्रॉडगेजवरची सगळी बिनचौकीदार फाटकं 31 जानेवारी 2019पर्यंत बंद झाली. त्याने जीव वाचले, यात वाद नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मात्र अजूनही दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात, आणि त्यांतली सगळ्यात जास्त रूळ ओलांडताना. कायदा आहे, 1989च्या रेल्वे कायद्याचं कलम 147: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाट्या आहेत. घसा कोरडा करून ओरडणारा भोंगा आहे.

मेलबर्नहून आले त्या आठवड्यात आईकडे गेले होते. दळणाचा डबा मी घेतला, तिला म्हटलं चल, पुलावरून जाऊ, हळूहळू. ती काही न बोलता आमच्या जुन्या फाटकाच्या दिशेने वळली. भिंत आता चांगली डोक्याएवढी आहे, वर काटेरी तार. गेटमनकाकांच्या खोलीला छप्पर उरलेलं नाही, आत एक पिंपळ आलाय. खोलीच्या मागच्या अंगाला भिंतीला एक भगदाड होतं, माणूस आडवा होऊन जाईल एवढं. ते बुजवल्याच्या खुणा होत्या: एकदा विटा, एकदा सिमेंट, एकदा जुन्या रुळाचा तुकडा आडवा ठोकलेला. तिन्ही वेळा पुन्हा फोडलेलं.

भगदाडाच्या अलीकडे खड्डा होता. त्यात कोणीतरी शहाबादी फरशीचा तुकडा पायरीसारखा बसवला होता, हलू नये म्हणून खाली दोन विटा. फरशीचा मधला भाग पायांनी गुळगुळीत झालेला. बाजूला एक गज जमिनीत ठोकून वर कापड गुंडाळलं होतं, म्हाताऱ्या माणसाला धरायला.

‘नाही ग,’ आई म्हणाली, ‘मी इथून जात नाही. तुला दाखवायला आणलं.’

आणि सवयीने तिचा हात त्या कापडावर टेकला होता.